या म्हटल्याशिवाय

डहाणूपासून केळव्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यासाठी देवाने जेवढी म्हणून भीती राखून ठेवली होती, तिच्यातली निम्मी त्याने एकट्या माझ्या आतोबांच्या पदरात टाकली आणि उरलेली निम्मी बाकीच्या माणसांना पुरवून पुरवून वाटली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मले दांडीच्या मच्छीमाराच्या घरात, आणि भ्याले कशाला तर समुद्राला. लग्न झाल्यावर ते आत्याला घेऊन किनाऱ्यापासून आत आत चालत राहिले, आणि जिथे लाटांचा आवाज यायचा थांबला तिथे म्हणे त्यांनी पिशवी खाली ठेवली. ते बोईसर निघालं, म्हणून ते बोईसरचे शिंपी झाले. आवाज आणखी पुढे थांबला असता तर मनोरचे झाले असते. तिथे स्टेशनजवळ त्यांनी एक मशीन टाकलं आणि सदरे-पँटी शिवू लागले. पण दुकान बदललं म्हणून माणूस बदलत नाही. त्यांना गाईची भीती वाटे, तारवाल्या शिपायाची वाटे, कोणी मागून हाक मारली तर वाटे आणि बराच वेळ कोणी हाक मारली नाही तर जास्त वाटे. कपडा तंग झाला तर गिऱ्हाईक काय म्हणेल या धास्तीने ते प्रत्येक कपडा ढगळ शिवत, आणि शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडत ती एवढी की त्या मायेत दुसरं झबलं निघावं. बोईसर बाजारात ढगळ सदऱ्यातला माणूस दिसला की तो आतोबांचा गिऱ्हाईक हे न विचारता कळे. "माणसाचं अंग काय, आज एवढं, उद्या तेवढं," ते म्हणत. "कपड्यात जागा हवी. उसवलं की माणूस मावला पायजे."

तारापूरला अणूचं काम सुरू झालं तेव्हा तर त्यांच्या भीतीला नवीनच कोंब फुटला. रस्त्याने ट्रक जाऊ लागले, बोईसरात परप्रांतातली माणसं आली, खाकी पँटींची कामं वाढली, आत्या खूश होती. आतोबांचं मात्र अन्नावरचं लक्ष उडालं. मी तेव्हा मुंबईला मावशीकडे राहून इंटर सायन्स करत होते, सुटीत आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाय, हा अणू असतो कुठं कुठं?" मी एकदा पुस्तकी उत्साहात सांगून टाकलं, "सगळ्यात असतो आतोबा. भिंतीत, पाण्यात, तुमच्या या कात्रीतसुद्धा." त्यानंतर कितीतरी दिवस ते कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळून कापड कापत होते. पुढच्या सुटीत चिंधी निघालेली दिसली. मी विचारलं तर म्हणाले, "एवढा अणू भरलाय तिच्यात, आन तरी बिचारी कापडच कापतेय. आपणच भ्यालो तिला."

पण या सगळ्या किरकोळ भीत्या. खरी भीती एका शब्दाची होती. आतोबांच्या घरात आणि दुकानात 'जा' या शब्दाला बंदी होती. आपण सगळेच निरोप घेताना 'येतो' म्हणतो आणि निरोप देताना 'या' म्हणतो, पण आतोबांनी ते पार टोकाला नेलं होतं. गाडी गेली असं ते म्हणत नसत, "गाडी पालघरला आली आसंल" म्हणत. एकदा दुकानाच्या पायरीवर गाय उभी राहिली. एक तर गाईची भीती, त्यात 'जा' म्हणायची सोय नाही. आतोबा मशीनमागे चढून दोन्ही हात हलवत "ये गं माय, ये" म्हणत राहिले, आणि गाय आपली आत आली. कामावरचा एक उत्तरेकडचा मिस्त्री त्यांच्याकडे पँट शिवायला टाकी. पँट घेऊन निघाला की आतोबा म्हणत, "या." मिस्त्री वळून परत येई. "क्या हुआ, मास्टरजी?" "काय नाय. या." तो पायरी उतरे, पुन्हा "या" ऐकू येई, पुन्हा तो वर. असं बराच वेळ चालल्यावर आत्या मासळी विकून परत आली आणि तिने त्या माणसाची सुटका केली. पुढे मिस्त्रीला हे इतकं आवडलं की तो दुकानात शिरतानाही स्वतःच "या" म्हणू लागला. आणि मेलेल्या माणसाबद्दल 'गेले' हा शब्द तर आतोबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांच्या बाकावर रोज येऊन बसणारे एक म्हातारे मास्तर वारले. महिन्याभराने त्यांचे जुने स्नेही बाहेरगावाहून चौकशी करत दुकानात आले. आतोबा मान खाली घालून म्हणाले, "अजून आले नायत." स्नेही बाकावर बसले. चहा प्याले, पान खाल्लं, दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटी आत्या डबा घेऊन आली तेव्हा त्यांना कळलं, आणि मग ते आणि आतोबा दोघेही रडले.

माझी मुलाखत ठरली ती इंटरचा निकाल लागल्यावर, त्या उन्हाळ्याच्या शेवटी. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात प्रवेशासाठी. माझे मार्क असे होते की धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही, सगळं त्या मुलाखतीवर होतं. बाबांनी एकदाच आणि स्पष्ट सांगितलं होतं, "मिळाली जागा तर शीक. नाय मिळाली तर आयशीबरोबर पाटी उचल. दुसरं वरीस नाय जमायचं." त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. घिवलीच्या आमच्या घरात माझ्यापाठची तीन होती. मासळीच्या पाटीचीही मला लाज नव्हती, आई आणि आत्या दोघी त्याच पाटीवर उभ्या होत्या. पण मला डॉक्टर व्हायचं होतं आणि दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. आणि मला बोलता येत नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं, कारण उघडलं की आतून 'हाय' आणि 'नाय' बाहेर पडे आणि मागच्या बाकावर खसखस पिके. मुलाखतीचं ठरल्यापासून स्वप्नात एक लांब टेबल येई, पलीकडे माणसं बसलेली, आणि मी तोंड उघडलं की आवाजाऐवजी नुसता वारा. मी भ्याले होते, आणि ते ओळखायला आतोबांपेक्षा तयारीचा माणूस कुठून मिळणार? मला बघितल्याबरोबर ते म्हणाले, "बाय, तू आता माझ्यातली झालीस."

आणि त्यांनी माझी तयारी स्वतःच्या हातात घेतली. बाबांना त्यांनी निरोप धाडला की पोरीला आठ दिवस बोईसरला ठेवा. भीतीबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो सरळ धंद्यातून आलेला होता. नवीन कापड आधी पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मग बेतायचं. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि अंगावर चढत नाही. "भीतीचं तसंच हाय," ते म्हणाले. "जेवढं आटायचं तेवढं हितंच आटून घे. तिथं मग आटायला कायच उरणार नाय." मग ते मला भिजवू लागले. मी जेवत असले की मागून येऊन कात्री टेबलावर आपटत आणि ओरडत, "हृदय कोणत्या बाजूला?" त्या आवाजाने मी दचके, पण माझ्याहून जास्त तेच दचकत आणि छातीवर हात ठेवून खाली बसत. मी म्हणे, "तुमी धरलंय तिथंच आतोबा, डाव्या बाजूला." शुद्ध बोलण्याचाही सराव होता. सकाळी उठल्याबरोबर मी आरशासमोर उभी राहून "मी आहे, तुम्ही आहात, भीती नाही" असं म्हणायचं आणि मागे उभं राहून त्यांनी प्रत्येक 'आहे'ला बोट वर करायचं. आठ दिवसांनी मला 'आहे' यायला लागलं ते इतकं की पाणी हवंय का विचारलं तरी मी "आहे" म्हणत होते.

संध्याकाळी दुकानात मुलाखत भरे. मधे मशीनमागे चष्मा लावून आतोबा, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला तो मिस्त्री. मी बाहेरून दार वाजवून आत यायचं. आत्याने आयुष्यभर बाजारात गिऱ्हाइकांना तोंड दिलेलं, ती पहिल्याच प्रश्नात मला गार करी. "तुला कशाला पायजे डॉक्टरकी? रगत बघून चक्कर येते ना तुला?" मला खरोखरच एकदा आली होती. मिस्त्री मात्र फार दयाळू. "नाम क्या है, बेटी? बस, हो गया. पास." आतोबा कपाळावर हात मारत. "अहो पास नका करू! डराव, डराव!" मिस्त्री बिचारा डोळे वटारून बघे आणि मग त्यालाच हसू येई. आतोबा स्वतः तेवढा एकच प्रश्न विचारत, तो त्यांच्या मते तिथे येणारच होता. "तारापूरकडून आलात ना? मग सांगा, अणू म्हणजे काय?" मी चांगलं पाठ केलेलं उत्तर सांगे आणि ते एका शब्दाचाही अर्थ न कळता, डोळे मिटून, देवाचं ऐकावं तसं ऐकत. शेवटी तिघांनी एकदम "या" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मी जागचं हलायचं नाही. "उंबऱ्यातून पाय काढशील तो 'या' ऐकूनच," हे त्यांनी मला इतक्या वेळा बजावलं की बाकी सगळं विसरलं असतं तरी ते विसरलं नसतं.

मुलाखतीला नेसायचं पातळ आईचं होतं, पोलकं आतोबांनी शिवलं. बायकांचं काहीच ते शिवत नसत, पण हे दुसऱ्या कोणाला शिवू देईनात. ते पोलकं मी अंगात घातलं आणि आत्या हसून हसून खाली बसली. आत माझ्यासारखी आणखी एक सहज मावली असती. मला रडू यायचं बाकी राहिलं. आतोबा ओशाळे झाले, पण हट्टाने म्हणाले, "मुद्दाम सैल ठेवलंय. आत पोरगी थरथरली तरी वरून दिसता नये." आत्याचं हसू थांबलं. त्या दिवशी ती मला घेऊन मागच्या दारी बसली आणि तिने मला ते सांगितलं. आतोबा पाच-सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील होडी घेऊन निघाले. पोराला बरोबर यायचं होतं, त्यांनी नेलं नाही. ते नेहमीसारखे म्हणाले, "येतो रं." पोर रुसलेलं. ते म्हणालं, "जा." होडी परत आली नाही. "तवापासून असा हाय माणूस," आत्या म्हणाली. "मी चेष्टा करते, पण त्या शब्दाची कदी केली नाय." मला त्या क्षणी माझी भीती अगदी नवशिकी वाटली, पण कमी झाली नाही.

मुलाखतीच्या दिवशी आतोबा माझ्याबरोबर आले. बाबा होडीच्या कामात होते, आणि हे स्वतःहून म्हणाले होते. बोईसरहून सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. त्यांनी आधी कधी मुंबई पाहिली नव्हती आणि त्या दिवशीही पाहिली असं म्हणता येणार नाही, कारण बहुतेक वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते. वैतरणेचा पूल आला तेव्हा खाली पाणी आहे म्हणून त्यांनी माझा हात धरला, तो कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडला नाही. कॉलेज आणि इस्पितळ एकाच आवारात होतं. औषधाचा वास, पांढऱ्या साड्या, लांबलचक व्हरांडा. बाकावर माझ्यासारखी पोरं बसली होती, पण ती इंग्रजीत हसत होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा आतोबांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ये."

आत तेच टेबल होतं, स्वप्नातलं. मधे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, एका बाजूला जाड चष्म्याच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला एक सुटाबुटातले गृहस्थ, त्यांना मराठी येत नसावं. माझं नाव विचारलं, ते मी सांगितलं. गाव विचारलं. मग अध्यक्ष माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, "अच्छा, तारापूरजवळ! मग आम्हाला सांगा पाहू, अणू म्हणजे काय?" आतोबा बरोबर होते. पाठ केलेलं सगळं उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथे आटून गेलं. "सगळ्यात असतो," मी म्हणाले. आणि ते पुढे बघतच राहिले म्हणून घाबरून आणखी म्हणाले, "कात्रीतसुद्धा." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर का व्हायचंय, असं बाईंनी विचारलं. सुटाबुटातल्या गृहस्थांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझ्या तोंडातून नुसता वारा. पोलक्याच्या आत मी लटलटा कापत होते आणि पोलकं शांत होतं. अध्यक्षांनी माझा कागद उलटा करून ठेवला, तेव्हा मला कळलं की संपलं. पाटी दिसली मला डोळ्यांसमोर. ते चांगुलपणाने म्हणाले, "ठीक आहे. जा तुम्ही आता."

मी उठले, दारापर्यंत आले आणि उभी राहिले. पाय उचलेना. मागून आवाज आला, "काय झालं? जाऊ शकता तुम्ही." मी तशीच. "काही विचारायचंय का?" बाई म्हणाल्या. आणि मग काय झालं मला कळत नाही, पण दोन वर्षं अडकलेला माझा आवाज एकदम सुटला. मी वळून म्हणाले, "तुमी 'या' म्हणा." 'आहे' आणि 'तुम्ही' केव्हाच वाहून गेलं होतं. मी सांगू लागले ते आमच्या बोलीतच. "आमच्याकडं 'जा' म्हणत नाय. बाहेर आमचे आतोबा बसलेत. लहानपणी ते बापाला 'जा' म्हणाले आन बाप दर्यावरून आला नाय. ते आता विचारतील, 'या' म्हणाले का? मग मी काय सांगू?" सुटाबुटातल्या गृहस्थांना बाई हलक्या आवाजात समजावून सांगू लागल्या. मग बाईंनी मला विचारलं, "आणि तुला खरं वाटतं हे? 'जा' म्हटल्याने माणूस परत येत नाही, हे?" मी म्हणाले, "नाय. वादळ झालं आसंल, होडी फुटली आसंल. पण ते त्यांना किती येळा सांगितलं तरी भीती तशीच हाय." अध्यक्ष आता टेबलावर पुढे झुकले होते. "समजा तू डॉक्टर झालीस," ते म्हणाले, "आणि असाच घाबरलेला माणूस तुझ्यासमोर बसला. त्याला खरं काय ते सांगणार नाहीस?" "सांगेन की," मी म्हणाले. "पण आधी 'या' म्हणेन. त्याचे हात कापायचे थांबल्याबिगर त्याला ऐकू कसं येणार?" मग बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "बरं," त्या म्हणाल्या, "या." अध्यक्ष हसून म्हणाले, "या हो, या." आणि सुटाबुटातले गृहस्थही तो शब्द लांबवून म्हणाले, "याऽऽ."

बाहेर आले तर बाकावर आतोबा नाहीत. शोधत शोधत व्हरांड्याच्या टोकाला गेले, तर ते एका स्टुलावर बसलेले आणि तोंडात थर्मामीटर. व्हरांड्यात थरथर कापणारा माणूस बघून नर्सने त्यांना हिवतापाचा रोगी समजून धरून नेलं होतं, आणि नर्सला नाही म्हणायची त्यांना भीती वाटली होती. तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून ते डोळ्यांनीच विचारत होते. "'या' म्हणाले आतोबा," मी म्हणाले. "तिघंही म्हणाले." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नर्स ओरडली, "अहो, तोंड बंद ठेवा, पारा पडेल." ताप मुळीच नव्हता. परत येताना मी त्यांना दहा वेळा समजावलं की 'या' म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे, त्यांनी नुसता निरोप दिला. ते ऐकून घेत आणि म्हणत, "ये म्हटल्यावर कोण दार लावतं, बाय?" पुढे यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. आतोबांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

मी डॉक्टर होऊन पालघरला दवाखाना टाकला. पहिल्याच आठवड्यात शिकले की जगात एकच धंदा असा आहे ज्यात निघालेल्या माणसाला 'या' म्हणता येत नाही. एका म्हातारीला सवयीने म्हटलं तर ती म्हणाली, "परत कशाला बोलावतंस गं मला?" तेव्हापासून मी "सांभाळून" म्हणते. आतोबांना मात्र 'या' म्हणावंच लागे. ते रक्तदाब बघायला येत, तपासून झालं की दारात जाऊन उभे राहत आणि मी म्हणेपर्यंत हलत नसत. बाकावरचे पेशंट चमकून बघत. थकत गेले तसे त्यांचे सदरे त्यांनाच जास्त जास्त ढगळ होत गेले. आणि त्यांनी शिवलेलं ते पोलकं मी मध्यंतरी काढलं, शिवणी उसवल्या, तर आतल्या सगळ्या मायेसकट ते मला अगदी अंगासरसं बसलं.

शेवटचे आले तेव्हा छाती ऐकताना मला कळलं, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं. माझेच हात कापत होते, आणि अंगावरचा पांढरा कोट काही तेवढा सैल नव्हता. ते दाराशी थांबले. मी म्हटलं, "या हं, आतोबा." ते म्हणाले, "येतो, बाय. भिऊ नको." आता त्यांच्या मशीनवर आत्या चादर घालून ठेवते. बोईसरला कोणी जुनं गिऱ्हाईक अजून दुकानाच्या पायरीशी येतं, कपड्याची घडी हातात घेऊन विचारतं, टेलरमास्तर आहेत का? आयुष्यभर त्यांची चेष्टा केलेली आत्या पदराने बाक झटकते, त्या माणसाला बसायला सांगते, आणि म्हणते, "अजून आले नायत."